पाय हलला

आमच्या मोरीत बेडूक असायचे आणि आम्ही त्यांच्या शेजारी बसून आंघोळ करायचो. यात काही वेगळं आहे हे मला बरीच वर्षं माहीतच नव्हतं. आमचे अण्णा कल्याणच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मुरबाडकडचा एक माणूस ओल्या गोणपाटात बेडूक बांधून स्टँडवर त्यांच्या हवाली करायचा, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडेपर्यंत ते ठेवायचे कुठे, तर शहाडला आमच्या दोन खोल्यांच्या घरात. तोंडाला फडकं बांधलेलं एक मोठं मडकं होतं. साबणाचं पाणी लागू नये म्हणून आई ते दोन विटांवर ठेवायची. बेडूक नुसता नाकाने नाही, कातडीनेही श्वास घेतो, साबण लागला तर गुदमरून मरतो, हे तिला अण्णांनी सांगितलेलं. आई चौथीच्या पुढे शिकलेली नव्हती. पण शेजारच्या पालांडेकाकूंनी नाकाला पदर लावला की ही त्यांना बेडकाचं श्वसन समजावून सांगायची, आणि काकू बिचाऱ्या पदर लावलेल्या नाकाने ऐकून घ्यायच्या.

आता मी घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर राहते. बाथरूमला खालपासून वरपर्यंत टाइल्स आहेत आणि आंघोळ करताना एक मुंगीसुद्धा सोबतीला नसते. तीस वर्षं डोंबिवलीच्या शाळेत मुलांना जीवशास्त्र शिकवलं. लोकांना वाटतं बाईंना विषयाची आवड होती. आवड कसली डोंबलाची. ज्या विषयाने माझ्या हातून घरचा माणूस मारवला तो विषय मी सोडू शकले नाही, एवढंच खरं आहे. उगाच गोड लिहायला मला जमत नाही, जमलं असतं तर हे प्रकरण मी लिहिलंच नसतं.

अशोकदादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. उल्हासनगरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला होता. अंगाने शेलाटा, तोंडाने वटवट्या. मडक्यातल्या बेडकांना तो चाळीतल्या माणसांची नावं द्यायचा आणि आंघोळ करता करता त्यांच्याशी गप्पा मारायचा. सगळ्यात फुगलेला तो घरमालक, सतत ओरडणाऱ्या त्या पालांडेकाकू. सकाळी कंपनीचा भोंगा झाला की आईचा स्टोव्ह भरभरायला लागायचा, भाकरी थापल्याचे आवाज, पाठोपाठ सुकटीचा वास, आणि त्यावर दादाचा मोरीतून आवाज, “काकू, आज तुमचा नंबर बरं का, पोट खोलणार आहेत.” भिंतीपलीकडून काकू खरोखरच ओ द्यायच्या. मी हसून हसून लोळायचे. आईसुद्धा हसायची, पण तोंडाला पीठ लागलेल्या हाताने झाकून.

त्या काळी रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा लागायचा. आमचा टीव्ही छोटा, काळापांढरा, आणि अँटेना वर पत्र्यावर. वारा सुटला की चित्राला मुंग्या येत. प्रत्येक घरातला एक जण वर चढलेला, एक दारात उभा, एक टीव्हीसमोर, असा सगळ्या चाळीचा दर रविवारचा धंदा होता. त्या रविवारी टीव्हीसमोर आई होती, दारात मी होते. आई म्हणाली, “अशोक, जरा फिरवून ये रे, नुसता आवाज येतोय, माणसंच दिसंनात.” दादा बनियनवरच चढला. मी दारातून ओरडत होते, अजून, अजून थोडा, आला आला, गेला. गंजलेला पत्रा त्याच्या पायाखाली बसला आणि तो दुसऱ्या मजल्याच्या छपरावरून खाली नळाच्या कट्ट्यावर पाठीवर पडला. आई आतून म्हणत होती, “आलं बघ, आता हलवू नको.” चित्र खरंच स्वच्छ आलेलं.

ठाण्याच्या हॉस्पिटलात तो महिनाभर होता. डॉक्टर जे काही बोलले ते अण्णांशी बोलले. अण्णांनी बाहेर येऊन आईला सांगितलं, मणक्याला मार आहे, वेळ लागेल. घरी आणला तेव्हा बरगड्यांच्या खाली तो होता आणि नव्हता. पाय उचलून ठेवावेत तिथे राहायचे, ओल्या कपड्याच्या पिळ्यासारखे जड आणि गार. लघवीला नळी. आई त्याच्याशी बोलायची, त्याला भरवायची, पण त्याच्या पायांकडे बघायची नाही. तिनेच त्याला वर पाठवलेलं. हे तिला कुणी म्हणालं नाही, आणि कुणी म्हणालं नाही म्हणूनच ते घरात सतत होतं.

घरी आणून दहा-बारा दिवस झाले असतील. आई सकाळी त्याचं अंग पुसत होती. गार फडकं तळपायाला लागलं आणि पाय गुडघ्यात दुमडून झटक्याने वर आला. आईच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिने पुन्हा फडकं लावलं. पुन्हा पाय आला. मग ती धावत गॅलरीत गेली आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडली, “पाय हलला, माझ्या अशोकचा पाय हलला.” पालांडेकाकू तव्यावरची पोळी तशीच टाकून आल्या. त्यांनी रत्नागिरीकडच्या आपल्या कुठल्याशा देवाला नारळ बोलला. आईने बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली. अण्णा दारात चपला घालत होते. ते म्हणाले, “चांगलं झालं,” आणि कामावर गेले.

तिथून पुढे तीन-चार महिने घरात दुसरा विषय नव्हता. आईला कामच मिळालं. सकाळी ओवा-लसूण घालून तीळतेल कडकडवायचं, कोमट झालं की दादाला कुशीवर वळवायचं, पाठ, कंबर, मांड्या, टाचा, बोटांच्या बेचक्या, तासभर चोळायचं, मग दुसऱ्या कुशीवर. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. मध्ये मध्ये केरसुणीची एक काडी घेऊन तळपायावरून ओढायची, पाय उडतो का बघायला. उडायचाच. बुधवारी आणि रविवारी बोकडाचे खूर आणायची, स्टोव्हवर धरून केस जाळायची, सुरीने खरवडायची आणि दिवसभर शिजत घालायची. जळक्या केसांचा तो वास आणि ओव्याच्या तेलाचा वास मिळून आमच्या घराचा एक वास झाला होता. पायाला पाय लागतो, असं ती म्हणायची. दादाला तिच्या हाताखाली काहीच कळत नव्हतं. पण तो म्हणायचा, हां आई, तिथेच, भारी वाटतंय. मी खाटेशेजारी अभ्यास करायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, खोटारडा.

मी तेव्हा अण्णांच्याच कॉलेजात एफवायला गेलेले. मुलं अण्णांना बेडूकमामा म्हणायची आणि मी त्यांची मुलगी आहे हे पहिले दोन महिने मी कुणाला कळू दिलं नाही. हेही लिहून ठेवते. तिथल्या एका सरांनी दादाचं ऐकून कुठल्याशा संस्थेकडून हाताने पेडल मारायची तीनचाकी मिळवून द्यायची तयारी दाखवली. दादाचे डोळे लकाकले. इतके महिने त्याने छप्पर आणि कॅलेंडर एवढंच बघितलेलं. पण आई भडकली. म्हणाली, पांगळ्याची गाडी माझ्या दारात नको, तो चालणार आहे, पाय हलतोय त्याचा. दादाने पुन्हा कॅलेंडरकडे तोंड केलं. मी आईशी भांडले तर ती म्हणाली, “तुझे पाय शाबूत हायत ना, मग तू बोलू नको.” ते माझ्या डोक्यात गेलं आणि तिथेच राहिलं.

आणि मग कॉलेजात ते प्रॅक्टिकल आलं. बेडकाचं डोकं डोळ्यांच्या मागून कात्रीने छाटायचं, खालचा जबडा तेवढा ठेवायचा. मेंदू गेला, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू राहिला. मग तो जबड्याला अडकवून स्टँडला टांगायचा. बेडूक अण्णांनीच तयार करून ट्रेमध्ये ठेवलेले, आणि ते बाजूला कापसाचे बोळे करत उभे होते. मॅडमनी सांगितलं, आत्ता याला काही करू नका, आत्ता हा शॉकमध्ये आहे, पाय लुळे असतील, पाच-दहा मिनिटं थांबा. आम्ही थांबलो. मग आम्लात बुडवलेला कागदाचा कपटा त्याच्या कुशीला चिकटवला. बिनडोक्याच्या त्या बेडकाने मागचा पाय उचलला, नेमका त्या जागी नेला आणि कपटा पुसून टाकला. मुली किंचाळल्या. मॅडम म्हणाल्या, याला काहीही कळत नाही, ही फक्त प्रतिक्षिप्त क्रिया, निरोप मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच परत येतो. एका मुलाने विचारलं, माणसाला हा शॉक किती वेळ असतो. मॅडम म्हणाल्या, काही आठवडे. दादा पडल्यापासून त्याचा पाय हलेपर्यंत सहाएक आठवडेच गेले होते. मी अण्णांकडे बघितलं. ते कापूस पिंजत होते.

घरी येऊन मी लगेच काही बोलले नाही. आठवडाभर गप्प होते. ते मी आईवरच्या मायेने गप्प होते असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटायचं, पण आता वाटतं की मी नुसती संधी बघत होते. ती रविवारी दुपारी मिळाली. आईने खुरांचा पाया केलेला. दादाच्या ताटात सगळे खूर, नळ्या, आणि माझ्या ताटात नुसता रस्सा आणि भात. मी म्हटलं, मला एक नळी दे. आई म्हणाली, त्याला पाय भरायचेत, तुला काय करायचंय. इतकी साधी गोष्ट. एका नळीसाठी मी ते केलं. त्यावर मी पुढे तीनचाकीचं, सत्याचं, दादाच्या भल्याचं कितीही पांघरूण घातलं तरी आत ती नळीच आहे.

सोमवारचं प्रॅक्टिकल होतं, मडक्यात बेडूक होते. अण्णा कुणाच्या तरी मयताला माजिवड्याला गेलेले. जेवणं झाली आणि आई तेलाची वाटी घेऊन बसली. मी मोरीत जाऊन एक बेडूक काढला, डिसेक्शन बॉक्समधली कात्री घेतली आणि मोरीच्या कट्ट्यावर त्याचं डोकं छाटलं.  बाहेर येऊन कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्याने तो जबड्याला टांगला, बरोबर आईच्या समोर. आई म्हणाली, हे काय घाण करतेस. मी म्हटलं, दहा मिनिटं थांब, मग बोल. कॅलेंडरच्या जुन्या पानाचा कपटा फाडला, लिंबू पिळून भिजवला. दादा खाटेवरून मान वाकडी करून बघत होता. बेडूक लुळा लटकत होता, त्याच्यातून एकेक थेंब फरशीवर पडत होता. खाली रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती आणि आम्ही तिघं त्या बेडकाकडे बघत बसलेलो.

मग मी कपटा चिकटवला. पाय आला आणि पुसून गेला. पुन्हा चिकटवला, पुन्हा आला. आईने पहिल्यांदा बेडकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, “डोकं आहे का त्याला? नाही ना? तरी पाय हलतोय. उद्या तो उड्या मारेल का?”  मी केरसुणीची काडी उचलून दादाच्या तळपायावरून ओढली. पाय उडाला. “दादा, डोळे मीट. आता सांग, मी कुठल्या पायाला लावली?” त्याने डोळे मिटले. मी काही लावलेलंच नव्हतं. तो जरा थांबून म्हणाला, “डाव्या.” मग डोळे उघडून त्याने माझ्या रिकाम्या हाताकडे बघितलं.

आईने तेलाची वाटी उचलली, पदराने वाटीचा तळ पुसला आणि फळीवर ठेवून दिली. त्यानंतर ती वाटी तिने तेलासाठी कधीच खाली काढली नाही. दादा आधी हसला. खरंच हसला, नेहमीसारखा. “सुजे, हा तर मीच,” म्हणाला. मग विचारलं, “ह्याला दुखतंय का पण?” मी म्हटलं, नाही. “मग बरंय,” म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं. तेवढं मात्र त्याला वळता येत होतं, बरगड्यांपर्यंत.

संध्याकाळी अण्णा आले तेव्हा बेडूक तसाच टांगलेला होता. काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं, मग चिमटा काढून त्याला कागदात गुंडाळलं आणि मला गॅलरीत बोलावलं. मला वाटलं आता मारतात. त्यांनी मला कधी मारलेलं नव्हतं, पण त्या दिवशी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, “बावीस वर्सं बेडकं कापून देतोय मी. मला म्हाईत न्हवतं व्हय?” मी म्हटलं, मग सांगितलं का नाही. ते म्हणाले, “तिला म्हाईत न्हवतं. तेवढ्यावर घर उभं हुतं.” आणि ते कागदाचं पुडकं घेऊन जिना उतरून गेले.

मी मात्र जिंकले होते. तीनचाकी आली. हिरव्या रंगाची, काळ्या रेक्झिनच्या सीटची. दादाला चार माणसांनी उचलून बसवलं आणि तो शहाड स्टेशनपर्यंत जाऊन आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला वाटलं, बघा, मी बरोबर होते. पुढचे दोन महिने आमच्या घरातले चांगले दिवस होते, हे मला सांगायलाच हवं, नाहीतर मी खोटी पडेन. तो सकाळी निघायचा तो संध्याकाळीच यायचा. पुलाखाली एका घड्याळजीच्या टपरीशेजारी गाडी लावून तो घड्याळं दुरुस्त करायला शिकायला लागला. येताना मला पेरू आणायचा. आईशी मात्र तो तुटक वागायचा. तिने पहिल्या दिवशी अंग पुसायला पाणी आणलं तेव्हा म्हणाला, “राहू दे, कशाला बेडूक चोळत बसतेस.” माझ्याकडून शिकलेलं ते वाक्य होतं. अंग तो स्वतःच पुसायला लागला, हात पोचेल तेवढं. पाठीमागून त्याला मग कुणी बघितलंच नाही.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी त्याचे पाय फार उडायला लागले. गाडीत बसला की मांड्या थडथडायच्या, रात्री खाट हलायची, एकदा तर पायाच्या झटक्याने पाण्याचा तांब्या उडाला. आई आता त्या पायांकडे बघायची नाही, पण ते इतके उडायला लागले की तिला बघावं लागलं. ती मला म्हणाली, “सुजाता, ह्याचे पाय लई उडतायत गं. काहीतरी होतंय त्याला.” तिने मला विचारलं. चाळीत तेवढंच एक शिकलेलं माणूस तिच्या हाताशी होतं. मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, “रिफ्लेक्स आहे आई. सांगितलं ना तुला, त्याला काही अर्थ नसतो.” तीन-चार दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा चढ्या आवाजात. दादाही म्हणाला, आई, येडी का तू, बेडूक आहे तो, उडणारच.

मग वास आला. आधी आम्ही मडक्यावर संशय घेतला, एखादा बेडूक मेला असेल म्हणून. मडकं रिकामं होतं. त्याच दिवशी दादाला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, अंग तापून लाल. अण्णांनी आणि मी त्याला पालथा केला. बसायच्या हाडावर मूठ जाईल एवढा खड्डा होता आणि त्याच्या तळाला पांढरं दिसत होतं. ते काय आहे हे कळायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही. गाडीच्या सीटचं रेक्झिन काढल्यावर खालच्या फळीतून एका बोल्टाचं डोकं नखभर वर आलेलं सापडलं. तो रोज आठ-आठ तास त्याच्यावर बसत होता. तुमच्या-माझ्यासारखं माणूस एका मिनिटात चुळबुळ करून सरकलं असतं. दुखणं हा राखणदार आहे, असं मी पुढे तीस वर्षं वर्गात सांगितलं. त्याचा राखणदार पत्र्यावरून पडला त्या दिवशीच मेला होता. त्या जागेवर आईचे हात होते, आणि ते मी घालवले होते.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होते. जखम बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, आधी याला कोण बघत होतं, बाकी कातडी तर छान राखलीय. अण्णांनी आईकडे बोट दाखवलं. डॉक्टर आईला म्हणाले, “मग सोडलंत का? आणि हल्ली याचे पाय जास्त उडत नव्हते?” आई म्हणाली, उडत होते. ते म्हणाले, “अहो, मग बघायचं ना. याला वर काही कळत नाही, पण खाली कण्याला कळतं. काही बोचलं, जखम झाली, लघवी तुंबली, की पाय उडतात. त्याला सांगायला दुसरं काही नाही.” ते पुस्तकात होतं. पुढच्याच पानावर होतं. मी नंतर बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं, फक्त एकदा. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं.

दादा अकरा दिवसांनी गेला. शेवटी रक्तातच पू गेलेला. शुद्धीत होता तेव्हा त्याने मला एकदाच विचारलं, घड्याळजीकडे एक लेडीज घड्याळ उघडं टाकून आलोय, त्याला सांगशील का. मी सांगून आले.

आईने मला कधी काही म्हटलं नाही. माझं शिक्षण पुरं केलं, लग्न केलं, माझी दोन बाळंतपणं केली, माझ्या मुलांना तेल लावून न्हाऊ घातलं. फक्त माझा हात तिने पुन्हा धरला नाही. रस्ता ओलांडताना ती माझ्या पिशवीला धरायची. आजारपणात मी उशी सारायला गेले की स्वतःच सरकायची. पाया आमच्या घरात पुन्हा शिजला नाही. मी डोंबिवलीला नववीला प्रतिक्षिप्त क्रिया शिकवायचे, गुडघ्याखाली टिचकी मारून पोरांचे पाय उडवून दाखवायचे, पोरं हसायची. मीही हसायचे. दरवर्षी एक तरी मुलगा विचारायचा, बाई, म्हणजे याला काही अर्थ नसतो का, आणि दरवर्षी मला दोन मिनिटं खिडकीबाहेर बघावं लागायचं.

आता अण्णा नाहीत. आई माझ्याकडे आहे, घोडबंदरला. तिला मी कोण ते माहीत नाही. आधी मला ती बाई म्हणायची, आणि अशोक कामावरून आला का ते विचारायची. आता तर तेही विचारत नाही, पक्षाघाताच्या दोन झटक्यांनंतर बोलणं गेलंच. तिला बघायला शांताबाई येतात, माझ्याच वयाच्या आहेत, कळव्याहून. मी त्यांच्याकडून शिकून दर दोन तासांनी आईला कूस बदलवते, टाचा बघते, कंबरेचं हाड बघते. तिची कातडी छान आहे.

गेल्या महिन्यात मी तिचे हात पुसत होते. माझी दोन बोटं तिच्या तळहाताला लागली आणि तिने मूठ मिटली. घट्ट. मी ओढून बघितलं तर आणखी घट्ट धरलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. शांताबाई चहा घेऊन आत येत होत्या. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, “बघा ताई, कशा धरून राहिल्यात. आईच ती. लेकीला ओळखल्याशिवाय राहील का?”

मला माहीत आहे ते काय आहे. तान्ह्या बाळाच्या तळहाताला बोट लावलं की ते असंच मूठ मिटतं. मोठं होताना मेंदू ते झाकून टाकतो, आणि मेंदू विझायला लागला की ते पुन्हा वर येतं. त्यात ओळख नाही, माया नाही, माफी तर नाहीच नाही. आदल्या दिवशी तिच्या मुठीत चादरीची कड अडकलेली दिसली, तेव्हा चमच्याचा दांडा मी तिच्या तळहाताला लावून बघितलेला. मीच ती, बघितल्याशिवाय कशी राहीन. चमचाही तिने इतकाच घट्ट धरलेला.

“हो,” मी शांताबाईंना म्हटलं, “ओळखते ती मला.” त्यांनी चहा माझ्या दुसऱ्या हातात दिला. तो मी तिथेच बसून प्याले. हाताला मुंग्या आल्या तरी मी तो काढला नाही.